नावं ठेवण्याचा धंदा

माझा धंदा नावं ठेवण्याचा. माणसांना ठेवते ती हौस म्हणून, राक्षसांना ठेवते ती पोटासाठी. आमची कंपनी मोबाईलवरचे खेळ बनवते. तलवारी, जादू, किल्ले, आणि प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी एक लोखंडी अधिपती. पोटात भट्टी, डोळ्यांच्या जागी लाल दिवे, हाताच्या जागी करवती. त्याचं बारसं माझ्याकडे. नाव ऐकून पोरांची चड्डी ओली झाली पाहिजे, असं आमचे साहेब म्हणतात, आणि हे ते सगळ्यांसमोर, तोंडात घास असताना म्हणतात.

या साहेबांना आम्ही पाठीमागे ‘फवारा’ म्हणतो. कारण त्यांचा एक सिद्धांत आहे. खलनायकाचं नाव उच्चारायचं नसतं, थुंकायचं असतं. त्यासाठी मीटिंगच्या टेबलावर एक काळी काच असते. ज्याने नाव आणलं त्याने काच तोंडासमोर धरायची आणि नाव गुरगुरायचं. शिंतोडे उडाले तर नाव पास. ख, थ, फ, ठ यांच्यावर साहेबांचा फार जीव. म, ल, य, व ही अक्षरं त्यांच्या मते अंगाईला ठीक. काच उजेडाकडे तिरकी करून ते शिंतोडे बघतात, मान डोलावतात आणि ती तशीच, न पुसता, शेजारच्याच्या हातात देतात. दुसऱ्याच्या थुंकीवर आपली थुंकी. शी!

अशा रीतीने आम्ही ख्रथाक काढला, झ्रिखोठ काढला, फ्रथूर काढला. एकाही नावात काडीचा अर्थ नाही. भीती म्हणाल तर तीही नाही, नुसता चिकट ओलावा आहे. माझ्या बाबांना मी एकदा ही नावं वाचून दाखवली होती. ते म्हणाले, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवले तरी असाच आवाज येतो, त्याला तुझी काय गरज?

बाबा लेथच्या कारखान्यात फोरमन होते. जन्मभर यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलले, त्यामुळे घरी मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं. आम्ही दोघी बहिणी. शाळेत घातलं म्हणून आम्हाला नावं होती, पण बाबांनी ती कधी वापरली नाहीत. मोठी ती थोरली आणि मी धाकटी. “धाकटे!” अशी हाक आली की असू तिथून ओ द्यायची. ‘काय?’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. काय काय करतेस, आधी ओ दे, मग काय ते विचार, असं ऐकून घ्यावं लागे. केस पिकायला लागले तरी मी त्या हाकेला शाळकरी मुलीसारखी उठायचे.

मग त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून घरघर निघते आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. डॉक्टर म्हणाले, जे शब्द परत यायचे ते पहिल्या काही महिन्यांतच येतात, नंतरचं सांगता येत नाही. ते महिने भराभर सरत होते. थोरली लांब असते. ती फोनवर बाबांचं तोंड बघून रडायची, म्हणजे इकडे बाबांचं तोंड पुसायचं आणि तिकडे तिची समजूत काढायची, दोन्ही मीच. मला देवाकडे फार काही मागायचं नव्हतं. बाबांनी पुन्हा एकदा मला हाक मारावी, एवढंच हवं होतं.

बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. स्वभावाने गरीब गाय. त्या बाबांच्या तोंडासमोर आरसा धरायच्या आणि म्हणायच्या, म्हणा आजोबा, पाणी. म्हणा, बाबा. म्हणा, काका. बाबा तोंड फिरवायचे. अख्ख्या कारखान्यावर ओरडलेला माणूस, त्याला बालवाडीत बसवलं तर तो काय करणार? बाई गेल्या की आरसा धरायचं काम माझं. एका संध्याकाळी वैतागून मी ऑफिसची यादीच काढली आणि म्हटलं, बाबा, ख्रथाक म्हणा.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. नाक मुरडलेलं, एक भुवई वर. शुद्ध किळस. मला आनंदाने रडू आलं, कारण ते त्यांचं जुनं तोंड होतं. आणि मग, मला वाटतं निव्वळ माझी टिंगल करायला, त्यांनी प्रयत्न केला. ‘ख्र’ झालं, पुढे नुसता आरशावर सडा. मी टॉवेलने आरसा पुसला आणि पुन्हा धरला. त्या दिवसापासून आमची गाडी सुरू झाली. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, काहीही बोलू द्या, फक्त रेकॉर्ड करून मला पाठवत जा.

एके दिवशी यादीतलं ‘थाख्राठ’ चाललं होतं. दोनदा झालं, तिसऱ्यांदा बाबा थांबले. आरसा त्यांनी डाव्या हाताने बाजूला सारला. माझ्याकडे बघत राहिले. मानेच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लालबुंद झाला आणि आतून कुठून तरी आलं, “धाख्... ठ्ठे.” मी यादीत बघितलं. थाख्राठच्या बरंच जवळ होतं. वा बाबा, म्हटलं, आज तर कमाल केलीत. बाबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं दमले. बाईंना रेकॉर्डिंग पाठवलं आणि पोळपाट-लाटणं काढलं.

ते बाईंना गेलंच नव्हतं. ऑफिसात दिवसभर आवाजांचे नमुने पाठवणं चालू होतं, ऑफिसचा तोच ग्रुप फोनवर उघडा होता. घाईत बोट पडलं ते तिथे. माझ्या लक्षात येईपर्यंत सगळ्यांनी ऐकलं होतं.

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं तर फवारा दारातच उभा. कोण कलाकार आहे, कुठून शोधलात, असा गळा जन्मात ऐकला नाही. मी सांगितलं, कलाकार नाहीत, माझे वडील आहेत, आजारी आहेत, चुकून आलं, पुसून टाका. साहेबांनी छातीवर हात ठेवला. अरेरे, म्हणाले. आणि त्याच श्वासात म्हणाले, आवाज नको तर नको, तो दुसऱ्याकडून करून घेऊ, पण नाव काय आहे! धाखठ! अहो, त्यात धाकच आहे. मी म्हटलं, ते नाव नाहीच, थाख्राठ बिघडलंय. तर म्हणे बिघडलेलंच छान आहे. माणसाच्या तोंडातून लाळ गळत असते आणि याला तिच्यात नाव सापडतं. मला त्याच्याकडे बघवेना.

दुपारी मीटिंग. आवाजाचं काम बघणाऱ्याने ते रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरवर लावलं. पुसलं नव्हतंच. उलट खरखर काढून, गती कमी करून ठेवलं होतं, म्हणजे नक्कल करणाऱ्या नटाला नीट धरता येईल. खोली भरून बाबांचा श्वास आला. मग ‘धा’. मग ‘क’. मग ‘क’. आणि अगदी शेवटी, जिभेला उचलवत नसताना उचललेलं ‘टे’.

बाबा माझी यादी वाचत नव्हते. त्यांनी आरसा उगाच बाजूला केला नव्हता. त्यांनी मला हाक मारली होती, आणि मी ओ द्यायची सोडून यादीत बघत बसले होते. वर शाबासकी दिली होती, शाळेतल्या पोराला देतात तशी.

इकडे काच फिरायला लागली होती. पहिला गुरगुरला, दुसरा गुरगुरला. नट उठला आणि त्याने बाबांसारखं तोंड एका बाजूला वाकडं केलं. ओठाच्या कोपऱ्यातून मुद्दाम थुंकी गाळली. धाख्ठ. लोक हसले, साहेबांनी टाळी वाजवली. काचेवरून ओघळ खाली आला तो टेबलापर्यंत. फवाऱ्याने ती काच दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली.

“तुमचंच नाव आहे, तुम्हीच म्हणा,” तो म्हणाला.

मी ओढणीने काच पुसली. त्या खोलीत ती आजवर कुणी पुसली नव्हती. खडखडीत कोरडी होईपर्यंत पुसली, तोंडासमोर धरली आणि बाबा लेथच्या वर चढवायचे तसा आवाज चढवून हाक मारली, “धाकटे!”

काचेवर एक थेंब नव्हता.

“हे असं आहे ते,” मी म्हटलं. “धाकटे. माझे वडील मला हाक मारतायत. मघापासून तुम्ही सगळे माझ्या बापाची हाक थुंकताय.”

आवाजवाल्याने स्पीकर बंद केला. नट तोंड पुसत खाली बसला. आणि फवारा, त्याची सवय बघा, त्याने आधी काच उजेडाकडे धरून बघितली. मग तो स्वतःशी पुटपुटायला लागला, धाखठ, धाकठ, धाकट, धाकटे. चेहरा आंबत गेला. आता मला तेच ऐकू येतंय, म्हणाला. एवढा मोठा लोखंडी अधिपती आणि त्याचं नाव धाकटे? पोरं हसतील. फळ्यावरचं नाव त्याने खोडून टाकलं. लाज वाटून खोडलं असं समजू नका. थुंकी उडेना म्हणून खोडलं. पालथ्या घड्यावर पाणी. वर मला म्हणतो, संध्याकाळपर्यंत दुसरी पाच-सहा नावं द्या.

मी म्हटलं, माझ्याकडे तुमच्यासाठी एकच शिल्लक आहे आणि ते तुम्हाला सगळे मागून आधीच म्हणतात. पर्स उचलली आणि निघाले. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

घरी बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, गळ्यात टॉवेल. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. रुसले होते. रुसायचेच. मी आरसा घेतला नाही, यादी घेतली नाही, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, बाबा, कालचं परत म्हणा. मला कळलं नव्हतं.

बाबा बराच वेळ बाहेरच बघत होते. मग हळूहळू वळले. शिरा ताठ झाल्या, तोंड एका बाजूला गेलं.

“धाख्... ठ्ठे.”

थुंकी माझ्या गालावर उडाली, थोडी ओठावर. टॉवेल हाताशी होता. मी तो घेतला नाही.

“ओ,” मी म्हटलं.