जानरावचा भोंगा

जानराव जाऊन दीड वर्ष झालं, तरी भातकुलीच्या गल्लीत तो रोज सकाळी ओरडायचाच. गोदाबाईच्या भाजीगाडीवरचा भोंगा नवऱ्याच्या आवाजात बोलायचा, "वांगे घ्या, सांबाराची हिरवी जुडी घ्या! नाई घेतलं तं पाहून तं घ्या वो माय!" म्हाताऱ्या माणिकबाई आतून उत्तर द्यायच्या, "थांब गा जानराव, आली!" भोंगा स्वस्तातला, त्यात एकच बोलणं मावायचं. लाल बटन दाबून नवं भरलं की जुनं गेलंच. म्हणून गोदाबाईनं त्या बटनावर चिकटपट्टी लावली होती.

एका दुपारी पुरानं फुगलेली पेढी नदी भाजीच्या वाडीत शिरली. गोदाबाई, सून पौर्णिमा अन् दोन महिन्यांची नात पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर चढल्या. फोन भिजून बंद पडला. भोंगा मात्र गोदाबाईनं भाकरीच्याही आधी उचलला होता. बाईची माया, दुसरं काय!

पलीकडं बांधावर माणसं अन् बोट दिसत होती, पण हाका पोचेनात. गोदाबाईनं भोंगा लावला. जानराव पाण्यावरून खणखणीत ओरडला. अन् काय सांगावं, माणसांनी माना वळवल्या त्या गावाकडं! रोजचाच आवाज, गाडी आली असंल गल्लीत. बोट दुसरीकडं निघाली.

पाणी चढत चढत स्लॅबपासून हातभरावर आलं. भोंग्यात नवं भरलं तं जानराव पुसला जाईल, हे पौर्णिमाले ठाऊक होतं. तिनं लेकरू छातीशी घट्ट धरलं.

गोदाबाईनं चिकटपट्टी नखानं सोलली. "रागावू नोका," ती भोंग्याले म्हणाली, "नातीपुढं तुमी मोठे नाई." डोळे गच्च मिटून तिनं बटन दाबलं. "मोटारीच्या खोलीवर आमी अडकलो! लेकरू हाये! बोट धाडा!"

मग भोंगा लावला, तशी बोट वळली. तिघी सुखरूप काठाला लागल्या.

पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा गल्लीत आली. सवयीनं हात भोंग्यावर गेला अन् तो बोंबलला, "लेकरू हाये! बोट धाडा!" बाया धावत बाहेर. "अवो गोदाबाई, आता कुठं बुडून राहिल्या?" सगळ्या हसल्या. गोदाबाईही हसली, अन् हसता हसता रडली.

मग भोंगा बंद करून तिनं स्वतःचं तोंड उघडलं. पहिल्यांदा घसा चिरकला. दुसऱ्यांदा जमलं, त्याच्याच चालीवर, "नाई घेतलं तं पाहून तं घ्या वो माय!"

आतून माणिकबाईंचा आवाज आला, "थांब गा जानराव, आली!"