अर्ध्यावरचं विमान

आंधळगावच्या मधुकररावांच्या विणकामाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती, आणि त्याचा त्यांना बराच ताठा होता. कोशाच्या रेशमी लुगड्यात एक धागा चुकला तरी ते तिथवर सगळं उकलायचे, मग दिवसाची मेहनत पाण्यात गेली तरी बेहत्तर. ‘चूक झाकली की ती घरातच नांदते,’ असं त्यांचं म्हणणं.

एकुलता एक संजीव काही मागावर बसला नाही. त्याला विमानांचं वेड. हवाईदलात जायचं होतं, तिथं डोळ्यांनी दगा दिला. मग नागपूरला कंपनीत चिकटला आणि हौस खोक्यात घालून घरी घेऊन आला. एकाहत्तरच्या लढाईतलं लढाऊ विमान, प्लॅस्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवून करायचं. दर रविवारी तो बापाच्या मागाशेजारी फतकल मारून बसायचा आणि बायको, रेणू, त्याला ठोकळे निवडून द्यायची.

“एवढा बाप्या झाला अन् खेळणे खेळून राहिला!” मधुकरराव करवादायचे. पण रविवारी ते मागावरून लवकर उठत नसत, हे त्यांच्या बायकोच्या, कौशल्याबाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

नागपूरहून घरी येताना शहापूरजवळ ट्रकनं संजीवच्या मोटरसायकलला उडवलं, तेव्हा विमानाचा एक पंख आणि अर्धं धड झालं होतं.

त्यांच्या घराची एक रीत होती. विणणारा अर्धं कापड मागावर सोडून गेला, तर तेरवीच्या आत घरातल्याच हातानं ते पुरं करायचं. नाहीतर त्याचा जीव त्यात अडकून राहतो. मधुकररावांनी स्वतःच्या बापाचं लुगडं असंच पुरं केलं होतं. ते विकलं नाही, पेटीत ठेवलं. त्यावर बोट फिरवलं की बापाचा हात कुठं थांबला आणि आपला कुठं सुरू झाला, ते अजून कळायचं. धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका ज्याचा त्याचाच असतो.

संजीवनं मागावर काहीच सोडलं नव्हतं. सोडलं होतं ते विमान.

म्हणून सुतकातच मधुकरराव माग असलेल्या खोलीचं दार लोटून बसले. सोबतच्या पुस्तिकेतली चित्रं पाहत, डोळे पुसत, एकेक ठोकळा बसवू लागले. पंख उलटा करून पाहिला, तर राखाडी पोटात एक लाल ठोकळा! चित्रात तिथं राखाडीच होता. मागाखालचा पाय सोडायचा खड्डा झाडताना तो राखाडी ठोकळाही सापडला. पोराला मिळाला नसेल बिचाऱ्याला, त्यांना वाटलं. पण चूक तशीच ठेवून पोराची पाठवणी कशी करायची? त्यांनी पंख उकलला. पंख धडात गुंतलेला होता, म्हणून धडही उकललं, आणि सगळं पहिल्यापासून चित्राबरहुकूम जोडलं. लाल ठोकळा बंडीच्या खिशात टाकला.

तेरवीच्या सकाळी पुरं झालेलं विमान त्यांनी फोटोपुढं ठेवलं. कित्येक दिवसांनी त्यांना जरा बरं वाटलं. रेणू आली. तिनं विमान उचलून उलटं केलं आणि पंखाखाली बोटानं काही शोधू लागली.

“मामाजी, इथचा लाल कुठं गेला?”

“चुकला होता, बाई. म्या सारं उकलून नीट केलं.”

“चुकला नव्हता जी.” रेणूचं बोट पंखाखालीच थांबलं. “राखाडी हरपला, तं ते म्हणे, ‘लालच लावतो. बाबाच्या नजरेत आला का बाबा गप राहाचे नाही. रागवतीन, अन् दुरुस्त कराले माह्याजवळ येऊन बसतीन.’”

मधुकररावांनी तिच्या हातातून विमान घेतलं. पंखावर बोट फिरवलं, मग धडावर. प्लॅस्टिकला ठोका नसतो. सगळे ठोकळे सारखेच गुळगुळीत, आणि सगळे त्यांनीच बसवलेले.

स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत कौशल्याबाई आल्या. विमान पाहून त्यांचे डोळे भरले.

“अवो, यातलं आपल्या संजूनं केलं ते कोनतं? मले हात लावू द्या.”

 मधुकररावांनी खिशातून लाल ठोकळा काढून बायकोच्या तळहातावर ठेवला.

“एवढंच हाये,” ते म्हणाले. “बाकीचं म्या उकललं.”