टर्बो निवेपर्यंत

श्रीनिवास परचुरे यांना लेकीला एकच विचारायचं होतं : तुमच्याकडे राहायला येऊ का? पत्नी कुसुमला जाऊन दोन वर्षं झाली होती. शनिवार पेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये दिवसचे दिवस त्यांना कुणी हाक मारत नसे. रविवारी तनया आणि जावई त्यांना नव्या गाडीतून खडकवासल्याला घेऊन गेले. तिथेही त्यांची जीभ रेटेना. तरी ते निर्धास्त होते. घरापाशी पोचल्यावरची दोन मिनिटं होतीच.

दारात आल्या आल्या गाडी बंद करायची नाही, असा परचुऱ्यांचा रिवाज होता. गेल्या महिन्यात भंगारात गेलेली त्यांची गाडी या नव्या गाडीतल्याच इंजिनाच्या पहिल्या पिढीची. इंजिनात जादा हवा रेटणारा टर्बो तापलेला असताना एकदम थांबला, तर आतलं तेल जळून त्याचा कोळसा व्हायचा. म्हणून इंजिन दोन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं. तोवर कुणी उतरत नसे, आणि अवघड ते सगळं तेवढ्यात बोललं जाई. वरदशी लग्न करायचंय, हे तनयानं तेव्हाच सांगितलं होतं. तपासणीत निघालेली गाठ साधी नाही, हे कुसुमनंही.

गाडी फाटकाशी थांबली. इंजिन आपलं आपणच बंद झालं.

"अहो वरदराव, टर्बो निवू द्या की!"

"बाबा, ही तिसरी पिढी," शेजारी स्टिअरिंगवर बसलेला वरद हसला. "दुसऱ्या पिढीपासून टर्बोभोवती पाणी खेळवलंय. आता तर इंजिन बंद झालं तरी विजेचा पंप ते पाणी फिरवत राहतो. आपण खुशाल उतरायचं."

"म्हणजे तेल जळतच नाही?"

"छे!"

"आणि हा पंप चालतो किती वेळ?"

"गरजेपुरता. त्याचं तोच ठरवतो."

"मग दुसऱ्या पिढीत, पंप नसताना..."

हे प्रश्न सोपे होते, एकातून एक निघत होते. आपण भलतंच विचारतोय हे त्यांना कळत होतं, पण थांबता येत नव्हतं.

"झालं का दोघांचं चर्चासत्र?" मागच्या सीटवरून तनया म्हणाली. "मागे टेम्पो खोळंबलाय, बाबा. उतर आता."

"तनया..."

"काय रे?"

टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबून धरला.

"काही नाही. गाडी छान आहे," असं म्हणून ते उतरले. त्यांच्या हातून दार नीट लागलं नाही. वरदनं आतून वाकून ते पुन्हा ओढून घेतलं, आणि गाडी ओंकारेश्वराच्या दिशेनं निघून गेली.