निवांत सूतकताई

देवळीच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक रूपराव दरवर्षी वर्ध्याच्या शिक्षक-प्रदर्शनात चित्र पाठवत, आणि दरवर्षी ते पाण्याच्या माठांवर टांगलं जाई. लोक पाणी पीत, चूळ भरत आणि तोंड पुसता पुसता कलेकडे बघत. शहाण्णव साली मात्र रूपरावांनी कंबर कसली. दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. या शेवटच्या वेळी चित्र मधल्या मोठ्या भिंतीवर लागलंच पाहिजे.

विषय ठरला, चरखा. वर्ध्यात चरख्याला माठावर टांगायची छाती कोणाची होणार?

त्यांनी शाळेतली पुस्तकं चाळली. जुन्या दरबारी चित्रांत बाया कातत होत्या, विलायती तैलचित्रांत गोऱ्या बाया कातत होत्या. सगळ्यांची मान कलती, नजर सुतावर, चेहऱ्यावर अपार शांतता. जणू त्यांच्या घरात चूलच नव्हती. रूपरावांनी माळ्यावरून आईचा चरखा उतरवला, चित्राचं नाव आधीच ठरवलं, ‘निवांत सूतकताई’, आणि बायकोला, अन्नपूर्णाबाईंना समोर बसवलं. वेळ दिवेलागणीची. कोनाड्यातल्या दिव्याचा उजेड गालावर हवा होता.

“मान कलती कर. निवांत दिस.”

“दिसून राह्यली नं जी. पण दूध ठेवलं हाय.”

दूध उतरवून झालं. मग कुकरची शिट्टी. मग शेजारच्या कौशल्याबाई विरजण मागायला आल्या आणि चित्राची बाई दारात उभी राहून त्यांच्या सुनेबद्दल बोलत राहिली.

“अवं, तू बसत काऊन नाई एका जागी?” रूपराव ओरडले.

“तुमच्या पुस्तकातल्या बायाइले म्हणा, माह्या घरी येऊन पोळ्या लाटा. मग बसते.”

असं रोज चाललं. चरखा झाला, लुगडं झालं, कोनाड्यातला दिवा तर असा उतरला की हात शेकावेत. चेहरा तेवढा कोरा. चित्र पोचवायच्या आदल्या संध्याकाळी रूपराव रडकुंडीला आले, तेव्हा अन्नपूर्णाबाई स्वयंपाक उरकून मुकाट चरख्यापाशी बसल्या. मान आपोआप कलली. चेहऱ्यावर पुस्तकातल्यासारखी शांतता पसरली. रूपरावांचा कुंचला धावत सुटला. बाई झोपल्या आहेत हे त्यांना घोरणं ऐकू आलं तेव्हा कळलं. तोवर चेहरा झाला होता, आणि काय झाला होता!

अन्नपूर्णाबाई जाग्या झाल्या, चित्रापुढे आल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

“अजी, हे काय केलं? कोनाड्यात दिवा लागला अन् घरची बाई झोपली? दिवेलागनीले? लक्ष्मी आल्यापावली परत जाईन. सारी देवळी थुंकन माह्यावर!”

“अवं, ही कला हाय.”

“मंग दिवा विझवा.”

“दिवा विझवला तर उजेड कुठून आणू? सारं चित्र त्याच्यावर हाय!”

“मंग माहे डोये उघडा. नाई तं हे चित्र या घरातून हालनार नाई.”

रूपरावांचं हात जोडून झालं, रुसून झालं, जेवणावर बहिष्कार घालून झाला. शेवटी ते जेवले आणि रात्री त्यांनी चित्रातले डोळे उघडले. पण ते डोळे झोपलेल्या चेहऱ्यात बसेनात. मिटल्या ओठांवर, कलत्या मानेवर ते असे काही उघडले की बाई बघणाऱ्याकडे खाऊ का गिळू अशा नजरेनं बघू लागली. जितकं सुधारावं तितकी ती जास्तच चिडे.

सकाळी दोघं चित्र घेऊन एसटीनं वर्ध्याला गेली. परीक्षकसाहेबांनी चित्राखालची ‘निवांत सूतकताई’ ही चिठ्ठी वाचली, चित्र पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली.

“ही बाई कोणावर एवढी चिडली आहे?”

रूपरावांनी तोंड उघडण्याआधी मागून अन्नपूर्णाबाई बोलल्या, “चिडली नाई जी. उठून राह्यली. गॅसवर काईतरी ठेवून आली असन.”

परीक्षकांसोबत आलेल्या त्यांच्या पत्नी खळखळून हसल्या. “आमच्या घरी सकाळी असंच असतं,” त्या म्हणाल्या. परीक्षकांनी घाईघाईनं चित्र मोठ्या भिंतीवर लावायला सांगितलं. चिठ्ठी तेवढी काढून घेतली.

दिवसभर चित्रापुढे बायांची गर्दी हटली नाही. एकमेकींना कोपरानं ढोसून त्या हसत होत्या. पुरुष तिथून जरा झपाट्यानं पुढे सरकत होते. शांततेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. “माह्या डोयाइनं लागलं चित्र,” अन्नपूर्णाबाई ज्याला त्याला सांगत होत्या.

रूपराव माठापाशी उभे होते. सवयीनं.