बोटभर माया

मिस्त्रीच्या पोटात दुखायला लागलं ते सासऱ्यांच्या एका शब्दाने. शब्द होता 'वा!' आणि तो साडूच्या वाट्याला गेला होता.

साडू बँकेत कारकून. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याने स्वतःच्या खोलीत लॅमिनेटच्या फळ्यांची फरशी बसवली. सासरे काठी टेकत तिच्यावरून चालले आणि म्हणाले, "वा! काय हात आहे!" सासरे जातीचे शिंपी, चाळीस वर्षं मशीन चालवलेले. वाकडी टीप त्यांना लांबूनच कळायची, त्यामुळे त्यांचा 'वा' सहजासहजी मिळत नसे. मिस्त्री आयुष्यभर फरश्याच बसवत आलेला. चौदा वर्षांच्या जावईपणात त्याला तो एकदाही मिळाला नव्हता. वर सासऱ्यांनी आपल्या झोपायच्या खोलीचं कामही साडूलाच दिलं.

"तुम्हाला त्रास नको म्हणून हो," बायको म्हणाली.

"मला त्रास नको आणि त्याला मान हवा! कळतं मला."

रविवारी तो मुद्दाम सासऱ्यांकडे गेला, हात खिशात घालून, चुका शोधायला. पण मेल्याने तयारी चोख केली होती. फळ्यांची खोकी दोन दिवस त्याच खोलीत ठेवली होती, हवेची सवय व्हावी म्हणून. जमिनीचा उंचवटा घासून सपाट केला होता, त्यावर फोम अंथरला होता. एका ओळीचा सांधा पुढच्या ओळीच्या सांध्याशी येऊ दिला नव्हता. एकेक बरोबर गोष्ट बघून मिस्त्रीचा जळफळाट होत होता.

मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. पहिली ओळ भिंतीला अगदी चिकटवलेली. समोरच्या बाजूचा शेवटचा तुकडाही साडूने मापात कापला आणि हातोडीने ठोकून बसवला.

"बघा दादा, कागदसुद्धा जाणार नाही!"

फळ्या हवेतली ओल पिऊन फुगतात. चारही भिंतींशी बोटभर जागा सोडली नाही, तर त्यांना पसरायला वाव राहत नाही आणि त्या मधून वर उठतात. हे मिस्त्रीने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. त्या वेळी तो टक्क जागा होता.

"छान," तो म्हणाला. चहा घेतला आणि शीळ घालत घरी गेला.

दोन महिन्यांनी हवा दमट झाली आणि खोलीच्या मधोमध फळ्यांनी कुबड काढलं. सासऱ्यांची काठी त्यात अडकली. ते पडले आणि उजवं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप मिळताच मिस्त्री अवजारं घेऊन धावला. भिंतीलगतच्या स्कर्टिंगच्या पट्ट्या काढल्या, बारीक करवतीने चारही कडा बोटभर कापल्या. दुपारपर्यंत फरशी हळूहळू खाली बसली. साडू कोपऱ्यात तोंड पाडून उभा होता. "माझ्यामुळे बाबा पडले," हे त्याचं चौथ्यांदा म्हणून झालं. साडूचं असं पडलेलं तोंड बघायला मिस्त्री दोन महिने टपला होता. आता ते समोर होतं, तर तिकडे बघवेना.

सासऱ्यांनी साडूला पाणी आणायला पाठवलं.

"काय चुकलं होतं?"

"भिंतीशी जागा सोडली नव्हती, बाबा. थोडी तरी लागतेच."

"आम्ही कपड्याच्या शिवणीत सोडतो तशी. आम्ही तिला माया म्हणतो. अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. त्या दिवशी तुम्ही इथेच होतात. तुम्हाला दिसलं नाही?"

'नाही' हा शब्द मिस्त्रीच्या ओठांवर आला होता. त्या एका शब्दाने सगळं निभावलं असतं. पण ज्या माणसाने आपल्याला कारागीर म्हणावं म्हणून चौदा वर्षं जीव टाकला, त्याच्यापुढे आंधळा ठरायचं? ते त्याला जमेना.

"दिसलं होतं."

सासरे प्लास्टरमधल्या हाताकडे बघत राहिले.

"वाटलंच. तुमच्या नजरेतून ते सुटणं शक्य नाही. तुमच्यासारखा कारागीर मी दुसरा पाहिला नाही. गावभर सांगतो मी हे. तुम्हाला सांगायचं तेवढं राहून गेलं."

मिस्त्रीला मान वर करवेना. हवं ते सगळं मिळालं होतं आणि लाजेने त्याचे कान तापले होते.

साडू पाणी घेऊन आला. पेला मिस्त्रीच्या हातात देत म्हणाला, "माझंच नशीब फुटकं. त्या दिवशी दादांच्या लक्षात आलं असतं, तर त्यांनी सांगितलंच असतं. हो ना बाबा?"

मिस्त्रीचा पेला हातातच राहिला.

"सांगितलंच असतं," सासरे म्हणाले.

मिस्त्रीने पेला खाली ठेवला आणि स्कर्टिंग ठोकायला घेतलं. पहिलाच खिळा दोनदा वाकला.