बंडूसाठी गाव

'वाटंच्या वाटसरा, हळू हाक रं गाडी
दगडाच्या गावामंदी राजा घेतो झोप थोडी'

आई जात्यावर बसली की हे म्हणायची. हिंदी मुलखातल्या आमच्या रांझीत चक्की हाकेच्या अंतरावर होती, तरी डाळ भरडायला तिनं भंडाऱ्याहून जातं आणलं होतं. मी तिच्या मांडीवर डोकं टेकून विचारायची, "दगडाचं गाव कुठं हाय वं आई?" ती पीठ लागलेला हात माझ्या गालावरून फिरवायची. "असंन कुठंतरी. राजा झोपला म्हणून गाव थोडीच उठून जाते?"

ते गाव मला थेट म्हातारपणी दिसलं. आणि दिसायला लागलं तसं दिसतच राहिलं.

निघालो होतो मात्र वेगळ्याच कामाला. आमचा मुलगा अश्वजीत पुण्यात असतो. आईबाबांनी आता इकडं एकटं राहू नये, कायमचं यावं, असा त्याचा हट्ट. आमचे हे, नागसेन, फोनवर त्याला "हो" म्हणाले. मी मुकाट्यानं भांडी बांधायला घेतली. अडचण एकच होती, बंडूची. नातीला कुत्र्याच्या केसांनी धाप लागते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. म्हातारा बंडू रांझीत कुणाच्या दारात टाकायचा? तेव्हा नागसेन म्हणाले, "खेड्यात मोकळी जागा असते. चल, गाव पाहू त्याच्यासाठी."

म्हणून जुन्या मारुती व्हॅनमध्ये गादी, स्टोव्ह, डाळतांदूळ भरले आणि पाटनच्या रस्त्याला लागलो. मागच्या सीटवर बंडू, खिडकीतून नाक बाहेर.

थंडीचे दिवस. शेतात वाटाण्याची तोडणी चाललेली. डांबरी रस्ता सोडून आत वळलो आणि पहिल्याच गावात मी काच खाली केली. एका घराच्या शेणानं सारवलेल्या भिंतीतून दगडाची बाई बाहेर बघत होती. कमरेला मेखला, हातात आरसा. तिच्या शेजारी गोवऱ्या थापलेल्या. गाय बांधली होती ती कोरीव खांबाला. उंबरा म्हणून जो दगड होता, त्यावर कमळ. हजार वर्षांपूर्वी इथं देवळं होती म्हणे, राजे होते. देवळं पडली, तशी लोकांनी ती उचलून घरात घेतली. कमळावर पाय ठेवून एक पोरगी शाळेला निघाली होती.

"अहो, बघा ना!"

"पाहून राहिलो," नागसेन म्हणाले. मग गळा खाकरून, "पण इथं नाही जमाचं. बकऱ्या लय आहेत. बंडू मागं लागला तर मारतीन त्याले."

बंडूला दात उरलेत किती!

पुढच्या गावात विहीर होती. तिच्या काठावर हत्तींची रांग कोरलेली, आणि त्याच हत्तींच्या पाठीवर बाया कपडे आपटत होत्या. हत्ती झिजून झिजून वासरांएवढे गोजिरे झालेले. मला हसूही आलं आणि अंगावर काटाही. नागसेन ओंजळभर पाणी प्यायले. "खारं आहे."

मी प्यायले. गोड होतं, नारळपाण्यासारखं.

"काहून खोटं बोलता?" ओठावर आलं होतं. गिळलं. त्यांना पुण्याला जायचंय, मग बंडूची सोय लावायचं ते का टाळतायत, हे मला समजेना. आणि मला जायचं नाही, हे मी तरी कुठं सांगितलं होतं?

हिरन नदीच्या अलीकडं तिसरं गाव लागलं. शिवारात चिंच, आणि चिंचेखाली एक उभी मूर्ती, माणसापेक्षा उंच. भैरव. पण तोंड झडलेलं, हात गेलेले. गुडघ्याशी मात्र त्याचं कुत्रं शाबूत होतं. बरगड्या दिसतायत, गळ्यात घुंगरांचा पट्टा, मान वर केलेली. जिथं धन्याचं तोंड होतं तिथं ते बघत होतं, हजार वर्षं.

आमच्या घरी देव नाहीत, बुद्धवंदना असते. तरी नागसेननी टोपी काढली. जन्मभर कारखान्यात लोखंड तासलेलं बोट त्यांनी एकेका घुंगरावरून फिरवलं. "हात काय असंन घडवणाऱ्याचा," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात एक म्हातारी गरम रोटी घेऊन आली. मोडून तिनं दगडी कुत्र्यापुढं ठेवली. "पहली रोटी इसी की. मालिक का मुँह चला गया, ये देखता ही रह गया."

आमच्या बंडूनं पुढं होऊन ती मटकावली. मी ओशाळले. म्हातारी मात्र खळखळून हसली. "खाने दो बेटा! इत्ते बरस में पहली बार किसी ने खाई है."

चंपाबाई तिचं नाव. माझ्या सासूचंही तेच, म्हणून मला जवळची वाटली. तिचं कुत्रं मागच्या पावसाळ्यात गेलं होतं. आमचं काम ऐकून ती म्हणाली, "तो छोड़ जाओ. हम भी बूढ़े, ये भी बूढ़ा."

मी नागसेनकडं पाहिलं. आता काय खोट काढतात? त्यांनी चिंचेची सावली पाहिली, म्हातारीचं अंगण पाहिलं, वाटाण्याच्या शेंगा सोलणारी तिची सून पाहिली. खोट सापडेना. व्हॅनमधून बंडूची थाळी काढली, आपला जुना स्वेटर काढून चिंचेखाली अंथरला.

"बस," ते बंडूला म्हणाले.

कारखान्याच्या गेटवरही असंच म्हणायचे. मग शिफ्ट सुटेपर्यंत तो तिथून हलायचा नाही.

व्हॅन निघाली. मी बाहेरच्या आरशात पाहिलं. बंडू हलला नव्हता. दगडी कुत्र्याच्या शेजारी तसाच मान वर करून बसलेला. एक तोंड नसलेल्या धन्याकडं बघत होता, एक आमच्याकडं.

मला रडू यायला हवं होतं. आलं ते आईचं गाणं, तेही पुटपुटत. 'वाटंच्या वाटसरा, हळू हाक रं गाडी...'

गाडी हळू झाली. मग वाटाण्याच्या बांधाशी थांबली. नागसेनचे हात स्टेअरिंगवरच होते.

"त्या विहिरीचं पाणी गोड होतं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"बकऱ्याबी काही लय नव्हत्या."

"हो."

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"हर्षे, मले पुण्याले राहाले नाही जायचं. पोराले हो म्हणलो, ते तुले नातीपाशी राहाचं असंन म्हणून. मले नाही जायचं."