पालापाचोळ्याचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलत आलो, आज स्वतःचं सांगतो. माझ्या मनात राग आहे, तो आधीच कबूल करतो.

मला एका पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी विकत आणलं. नदीकाठी त्यांचा क्लब होता. "पाय हलव, पाय! नुसता भिजायला आलायस का?" हे माझं पहिलं वाक्य. पोरं हसून हसून गटांगळ्या खायची. सुखाचे दिवस होते ते.

मग नदीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला. बाजारात ज्या रंगाच्या कापडाची चलती, त्या रंगाची नदी. मुलांच्या अंगावर चट्टे उठले आणि क्लबला कुलूप लागलं.

त्या भागाचे निवडून आलेले प्रतिनिधी म्हणजे साहेब. लहानपणी ते याच नदीत बुडत होते, तेव्हा बाईंनीच त्यांना केसाला धरून बाहेर ओढलं होतं. म्हणून बाई हक्काने त्यांच्या सभेत उभ्या राहिल्या आणि माझ्यातून विचारलं, "कारखान्याचं पाणी नदीत सोडायची परवानगी कुणी दिली?"

साहेब हसत हसत व्यासपीठावरून उतरले. बाईंच्या खांद्यावरून मला हिसकावलं, खाली आपटलं आणि वर बूट ठेवला. "बाई, वय झालं तुमचं. घरी बसा."

माझ्या तोंडाला चीर गेली. बटण आत रुतलं ते कायमचं. तेव्हापासून बॅटरी घातली की मी चालूच. गप्प करायचं तर बॅटरीच काढावी लागते.

बाईंनी मला उचलून बाहीने पुसलं आणि त्या साहेबांना म्हणाल्या, "तुला पाण्यातून मी काढलं. खुर्चीतूनही मीच काढीन."

तिथे दोन मोठे पक्ष होते, आलटून पालटून सत्तेत येणारे. बाई गेल्या तिसऱ्या पक्षात. नदी-झाडांसाठी भांडणारी मूठभर माणसं, निशाणी हिरवं पान. लोक त्यांना पालापाचोळा म्हणायचे. पहिल्या निवडणुकीत मतं इतकी कमी पडली, की बाईंची थोरली बहीण, आमच्या घरातली ताई, म्हणाली, "अगं, नात्यातल्यांनी तरी दिली का गं?"

साहेबांची विजयी मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून गेली. त्यांच्या माणसांनी दाराला वाळक्या पानांचा हार अडकवला. ताई तो काढायला धावली. बाईंनी हात धरला. "राहू दे. मला रोज दिसला पाहिजे."

पुढच्या निवडणुकीतही बाई पडल्या, पण मतं वाढली. मला खांद्याला लावून त्या गल्लीगल्ली फिरायच्या. नदीला लागून असलेल्या खालच्या गल्लीतल्या बायका त्यांना आपले सोललेले हात दाखवायच्या. तरी मत साहेबांनाच पडायचं. साहेब ओळखीचे होते, काय करणार!

तिसऱ्या खेपेला साहेब स्वतः घरी आले. बाई नुकत्याच त्या खालच्या गल्लीला उद्देशून खिडकीतून बोलल्या होत्या. माझं तोंड खिडकीबाहेर गजांना टांगलेलं आणि माइक आत टेबलावर. बाई बॅटरी काढायला विसरल्या होत्या. मी नव्हतो विसरलो.

"उमेदवारी मागे घ्या, बाई. पर्यावरण समितीच्या अध्यक्ष करतो. गाडी, ऑफिस, सगळं मिळेल."

"आणि नदी?"

"नदीचं काय घेऊन बसलात! खालच्या गल्लीतली माणसं ती, त्यांना वासाची सवय होते. मूर्ख आहेत, तरी मत मलाच देतात."

माझ्यात होता नव्हता तेवढा जीव मी त्या वाक्यात ओतला. साहेबांना आपलाच आवाज घुमताना ऐकायची इतकी सवय, की त्यांना काही वेगळं वाटलंच नाही. ताईने मात्र तोंडावर हात दाबला.

साहेबांनी दार उघडलं तर समोर अख्खी गल्ली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. बाजूला होऊन त्यांना वाट दिली. त्या शांततेतून चालत जाताना साहेबांचा चेहरा पाहिला आणि माझी चीर दुखायची थांबली.

साहेब पडले. बाईही पडल्या, मतं फुटली आणि दुसऱ्या मोठ्या पक्षाचा माणूस निवडून आला.

"म्हणजे आपण हरलोच ना?" ताईने विचारलं.

"हरलो. पण तो जास्त हरला."

नव्या माणसाने बाईंना फुलांचा गुच्छ पाठवला आणि नदीत पाणी सोडणारी कारखान्याची नळी होती तशीच ठेवली. बाई पुन्हा कामाला लागल्या.

आणि गेल्या आठवड्यात दारात कोण? साहेब! "बाई, आता मीही नदीसाठी लढणार. तुमच्या सभेत मला बोलू द्या."

"हाकल मेल्याला," ताई म्हणाली. मीही तेच म्हणत होतो.

बाई म्हणाल्या, "बोल. पण रांगेत."

आज सकाळी कारखान्याच्या फाटकासमोर सभा झाली. खालच्या गल्लीतलं एकेक माणूस माझ्यातून बोललं. साहेब उन्हात जमिनीवर बसून होते. बाईंनी त्यांना खुर्ची दिली नाही. शेवटी त्यांचा नंबर आला. त्यांनी घसा खाकरला, हात उंचावला, ओठ हलवले. आवाज नाही. मला हलवलं, थोपटलं, फुंकर मारली. पुढे बसलेल्या बायका पोट धरून हसल्या.

चिकटपट्टी लावलेला, घोगरा झालेला मी आता घरी खुंटीवर लटकतोय. बॅटरी संपली असावी, असं बाईही म्हणाल्या. म्हणू द्या. तुम्ही मात्र कुणाला काही सांगू नका.